ब्रिकबॅट कोबा

ब्रिकबॅट कोबा : काँक्रीटच्या सपाट गच्चीतून पावसाचे पाणी झिरपू नये म्हणून विटांचे तुकडे आणि सिमेंटचा मसाला वापरून, उतार देऊन घातलेला थर. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीतील इमारतींवर जलरोधनाची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आहे.

कोकणातील जुने घर उतरत्या छपराचे. पाणी कौलांवरून झटपट पागोळ्यांनी खाली जाई आणि पावसाळ्याआधी घर शाकारले की काम भागे. मातीच्या धाब्याची सपाट घरे देशावर, कमी पावसाच्या मुलखात. सिमेंट काँक्रीटने सपाट गच्ची थेट किनाऱ्यावर आणली. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पावसात गच्चीवर तुंबलेले पाणी स्लॅबमधली बारीकशी चीरही शोधून काढते.

कोबा घालताना स्लॅब घासून-धुऊन त्यावर सिमेंटची पातळ घोळ फिरवतात. मग मसाल्याच्या थरात विटांचे तुकडे बसवतात आणि मधल्या सांध्यांत जलरोधक द्रव्य मिसळलेला मसाला भरतात. उतार पाणी जाण्याच्या तोंडाकडे साधारण १०० ला १, म्हणजे पाच मीटरला पाच सेंटीमीटर. कठड्याशी जिथे स्लॅब भिंतीला मिळतो तिथे मसाल्याची गोलाई करतात. गवंडी तिला ‘वाटा’ म्हणतात. वरचा गिलावा घोटून त्यावर दोरीने चौकटी उमटवतात. शेवटी कडेने बांध घालून गच्चीत पाणी भरून ठेवतात. त्याने सिमेंट मुरते आणि गळतीची परीक्षाही होते. हे काम नेमके एप्रिल-मेमध्ये निघते, पाण्याची टंचाई असते तेव्हा. त्यामुळे सर्वात आधी काटछाट होते ती या पाण्यात. भर उन्हात तहानलेला राहिलेला कोबा पहिल्या सरींपूर्वीच तडकतो.

विटेच्या अंगी जलरोधन नसते, उलट ती पाणी पिते. कोबा टिकतो तो उतार, मुरवण आणि वाटा यांच्या जोरावर. वरचा गिलावा एकदा फुटला की विटा पाणी धरून ठेवतात आणि पाऊस थांबल्यावरही छत ठिबकत राहते. पाणी आत शिरते एका कोपऱ्यात आणि ओल दिसते भलत्याच खोलीत, म्हणून डाग दिसला त्याच्या बरोबर वरची जागा फोडणे बहुधा वाया जाते. अँटेना किंवा सोलर हीटरच्या स्टँडसाठी मारलेली भोके, कुंड्यांतून उतरलेली मुळे आणि पानांनी तुंबलेली पावसाळी पाइपची तोंडे आधी पाहावीत. मुरलेले पाणी सळयांपर्यंत पोहोचले की त्या गंजून फुगतात आणि छताचे पोपडे पडू लागतात. किनाऱ्यावरील खारी हवा हे आणखी लवकर घडवते.

वजन हा या रीतीचा मोठा दोष. सरासरी दहा सेंटीमीटर जाडीच्या कोब्याचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो होतो. जुना न काढता त्यावर नवा कोबा चढवण्याची सवय म्हणूनच घातक. थकलेल्या इमारतीच्या स्लॅबला तो भार पेलेलच असे नाही.

कोब्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझेक बसवला तर उन्हाचा ताप कमी होतो. कोब्याऐवजी वापरतात ती डांबरी मेंब्रेन (डांबराची पातळ चादर) आणि ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे लेप हलके असतात, पण उघड्यावरचे लेप उन्हाने झिजतात आणि काही वर्षांनी पुन्हा मारावे लागतात. अनेक सोसायट्या हा सगळाच खटाटोप टाळून गच्चीवर पत्र्याची शेड उभारतात. त्यासाठी महापालिकेची परवानगी लागते.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याने होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते, तर फ्लॅटच्या आतील दुरुस्ती सभासदाकडे येते. वरच्या मजल्यावरील रहिवासी आणि सोसायटी यांच्यातले पावसाळी वाद बहुतेक या रेषेवरच अडतात.