पार्श्वभूमी : उजनीचे टक्के, आणि पुराचा जाब विचारायचा कुणाला

पावसाळा आला की सोलापूर जिल्ह्यात सकाळी पहिला मेसेज भीमेवरच्या उजनी धरणाचा येतो, वर दौंडकडनं येणारा विसर्ग इतका, टक्केवारी इतकी, नीरेवरच्या वीर धरणातनं इतकं सोडलंय. मे महिन्यात आपण मायनस बघतो आणि सप्टेंबरात 111 टक्के बघतो. पूरनियंत्रणावर देखरेख कुणाची, हा जो वाद आता परत सुरू झालाय त्याचं मूळ बरंचसं या टक्क्यातच आहे, म्हणून आधी तेवढं नीट बघू.

उजनीचा एकूण साठा 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे शून्य टक्के लिहिलेलं असतं तेव्हा धरणात एवढं पाणी असतंच. वरचा 53.57 टीएमसी उपयुक्त, आणि 100 टक्के हे फक्त याच भागाचे मोजतात. 2024 च्या उन्हाळ्यात धरण वजा 59 पर्यंत गेलं तेव्हासुद्धा आत साधारण 32 टीएमसी पाणी होतं, पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा उपयुक्त साठा मिळून 29 टीएमसी होतो त्याच्यापेक्षा जास्त. आणि 111 टक्के म्हणजे पूर्ण पातळीच्या वर आणखी 6 टीएमसी भरून एकूण 123. शेतकऱ्याला हा आकडा ऐकून बरं वाटतं, वाटणारच, त्याच्या उसाचं आणि रब्बीच्या आवर्तनाचं, म्हणजे कालव्याच्या पाळीचं, पाणी आहे ते. पण पंढरपुरात नदीकाठी राहणाऱ्याला हा आकडा पुराबद्दल काहीच सांगत नाही.

का ते बघा. दौंडकडनं 1 लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला 1 लाख घनफूट, यायला लागलं तर दिवसाला 8.64 टीएमसी पाणी धरणात येतं. धरण 100 वर असेल आणि खाली काहीच सोडलं नाही तर ते वरचे 6 टीएमसी 16-17 तासात संपतात. 111 वर असेल तर जागाच नाही, आलं तेवढं सोडायचं. मग त्या वेळी धरण हे धरण राहतच नाही, नदीतला एक टप्पा होतं. म्हणून पुरासाठी कामाचा आकडा टक्का नाहीच, रिकामी जागा किती आणि ती किती तासात भरेल हा आहे, आणि तो लोकांपर्यंत कधी पोचतच नाही. हे मी आकडेमोडीच्या हौसेनं लिहीत नाही, खाली नीरा नरसिंहपूरला वीरचं पाणी नीरेतनं येऊन भीमेला मिळतं आणि ते दोन्ही मिळून पंढरपुरात चंद्रभागेत उतरतं, त्यामुळं काही तास आधी कळणं म्हणजे तिथल्या नदीकाठच्या व्यासनारायण झोपडपट्टीतल्या माणसाला भांडीकुंडी हलवायला मिळणं.

उजनी 1980 ला पूर्ण झालं ते सिंचनासाठी, पुरासाठी राखीव जागा ठेवायचा विचार त्यात मुख्य नव्हता. 1961 ला पानशेत फुटल्यावर धरणांच्या सुरक्षेची चर्चा झाली ती भिंतीच्या सुरक्षेची, खालच्या गावांची नाही. नंतर 1976 च्या कृष्णा लवादात 2000 सालापर्यंत आपल्या वाट्याचं पाणी अडवायचं ठरलं होतं, त्या घाईत 1996 ला कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, रोखे काढले, कामं भरमसाट मंजूर झाली. 2012 ला सरकारची सिंचनावरची श्वेतपत्रिका आली तेव्हा सगळी भांडणं खर्चाची आणि सिंचन किती वाढलं याची. 2005 ला कायदा करून स्वतंत्र नियामक (जलसंपत्ती नियमन प्राधिकरण) बसवला खरा, पण त्याचा भर पाणीवाटप, दर आणि प्रकल्पांची छाननी यावर. रात्री दोन वाजता किती दारं उचलली आणि सहा तास आधी का नाही उचलली, हे विचारायचं काम कुणाकडंच आलं नाही.

पूररेषांचंही तसंच, 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांची लाल, हे 1989 च्या परिपत्रकापासनं कागदावर आहे.

2005 च्या पुरानंतर समिती, 2019 नंतर परत समिती, आणि दोन्ही वेळा बोलणं सगळं सांगली-कोल्हापूरचं. भीमा त्यात मागंच राहिली. मग 14 ऑक्टोबर 2020 आला, धरण आधीच भरलेलं, परतीचा पाऊस म्हणून गाफील, आणि वरून कमी दाबाचं क्षेत्र थेट अंगावर. त्याच दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची नवीन भिंत कोसळून 6 जण गेले. भिंत बांधणारं, तपासणारं आणि नंतर चौकशी करणारं, सगळं सरकारच्याच घरातलं. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं आपत्कालीन आराखडे सक्तीचे केले, ते चांगलंच झालं, पण राज्याची सुरक्षा संघटना ज्या खात्याची धरणं आहेत त्याच खात्यात बसते.

माझ्या मते खरी फट इथं आहे. आवर्तन कधी सोडायचं यासाठी बैठक होते, आमदार-खासदार येतात, भांडतात, इतिवृत्त लिहिलं जातं. पुराचा विसर्ग मात्र बंद खोलीत ठरतो. अभियंत्यांना दोष देणं सोपं आहे, पण ऑगस्टात धरण 90 वर थांबवून ठेवलं आणि नंतर पाऊस दडी मारून बसला तर त्यांना कोण वाचवणार, पहिला मोर्चा त्यांच्याच ऑफिसवर जाईल. जागा ठेवा असा लेखी, जाहीर नियम वरनं आला तरच तो माणूस जागा ठेवू शकतो.

सप्टेंबर 2025 ला भीमेला मिळणाऱ्या सीना नदीनं हे सगळं परत उघडं केलं. चांदणी, खासापुरी, सीना-कोळेगाव ही धरणं वर धाराशिवच्या हद्दीत आणि सीमेवर, पूर खाली माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापुरात, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद, गावांतनं लोकांना बाहेर काढायला हेलिकॉप्टर. सीनेवर उजनीसारखं एक मोठं धरण नाही, छोटी धरणं आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांची रांग आहे, त्यामुळं इथं बघायला एक टक्कासुद्धा नाही. बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या, कुणी कधी काढायचे, वरच्या धरणानं खालच्या तहसीलला कधी कळवायचं, हे दोन जिल्ह्यांत विभागलेलं.

आता मागणी होतीय ती साधी आहे, विसर्गाचा प्रत्येक आदेश वेळेसकट जाहीर करा, रोजच्या आकड्यात टक्क्यासोबत रिकामी जागा टीएमसीत लिहा, आणि पूर ओसरल्यावर तपासणी खात्याबाहेरच्या माणसांकडनं करून घ्या. दुसरीकडं कृष्णेच्या पुराचं पाणी भीमा खोऱ्यात वळवायची मोठी योजना आंतरराष्ट्रीय कर्जाच्या मदतीनं पुढं सरकतेय, तिलाही पूरनियंत्रणच म्हणतात. कृष्णेला पूर असतो त्याच आठवड्यात पुष्कळदा भीमाही भरलेली असते, 2019 च्या ऑगस्टात तेच झालं, तेव्हा ते पाणी ठेवायचं कुठल्या जागेत हे आधी सांगायला हवं.