एकच चरित्र, दोन शोइन

तोकुतोमी सोहो या जपानी पत्रकाराने योशिदा शोइनचं चरित्र दोनदा लिहिलं. पहिलं १८९३ साली आणि दुसरं १९०८ साली. दुसऱ्यावर 'सुधारित आवृत्ती' असं छापलं होतं खरं, पण सुधारणा तपशिलापुरती नव्हती, चरित्रनायकच बदलला होता. सोहोंचा पत्रकार ते चरित्रकार हा प्रवास समजून घ्यायचा तर या दोन पुस्तकांच्या मधली पंधरा वर्षं पाहावी लागतात.

आधी शोइनविषयी थोडं. चोशू संस्थानातला हा तरुण सामुराई १८५४ साली एका सोबत्याला घेऊन रात्रीच्या अंधारात छोटी होडी वल्हवत शिमोदाच्या बंदरात उभ्या असलेल्या अमेरिकन नौदलाच्या कमोडोर पेरीच्या जहाजावर पोचला. आम्हाला अमेरिकेला घेऊन चला, अशी त्यांची विनवणी होती. अमेरिकनांनी दोघांना परत किनाऱ्यावर सोडलं. देशाबाहेर जाणं तेव्हा गुन्हा होता, त्यामुळे तुरुंग आलाच. पुढे गावातल्या छोट्याशा शाळेत त्याने जी पोरं शिकवली, त्यांतले इतो हिरोबुमी आणि यामागाता आरितोमो पुढे पंतप्रधान झाले. गुरूचा मात्र १८५९ साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, शिरच्छेद झाला होता.

सोहोंचं खरं नाव इइचिरो. जन्म १८६३ सालचा, कुमामोतो भागातला. 'सोहो' हे टोपणनाव तिथल्या आसो ज्वालामुखीच्या शिखरावरून घेतलेलं. वडील सुधारक विचारवंत योकोई शोनान यांचे शिष्य. लेरॉय जेन्स या अमेरिकन शिक्षकाच्या शाळेत आणि मग क्योतोच्या दोशिशा या शाळेत निईजिमा जो यांच्या हाताखाली मुलगा शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. १८८६ साली 'भावी जपान' हे पुस्तक आलं आणि विशीतला हा तरुण देशभर माहीत झाला. पुढच्याच वर्षी तोक्योत त्याने प्रकाशनसंस्था काढली, 'कोकुमिन नो तोमो' म्हणजे 'जनतेचा मित्र' हे नियतकालिक सुरू केलं, आणि १८९० साली 'कोकुमिन शिंबून' हे दैनिक. सरदार-सामुराईंचा जमाना संपला, आता सामान्य माणसाचा काळ, हा त्याचा सूर. १८९३चा शोइन याच सुरातला आहे. तो क्रांतिकारक आहे. शोगुन या लष्करी शासकाची सत्ता जाऊन सम्राटाची आली, त्या मेइजी पुनःस्थापनेचं काम अर्धवट राहिलं, आता दुसरी पुनःस्थापना हवी आणि त्यासाठी दुसरा शोइन हवा, असं सोहो तिथे बजावतात.

मग चीनशी युद्ध झालं. जपान जिंकला, ल्याओतुंग द्वीपकल्प पदरात पडला, आणि १८९५ साली रशिया, जर्मनी, फ्रान्स यांनी दटावल्यावर तो परत करावा लागला. सोहो तेव्हा तिथेच, पोर्ट आर्थरला होते. बातमी कळल्यावर त्यांनी किनाऱ्यावरचे मूठभर खडे रुमालात बांधून घरी आणले. काही काळ का होईना, ही जमीन आपली होती, याची खूण म्हणून. बळ नसेल तर न्यायाला कोणी विचारत नाही, हा धडा त्यांनी त्या रुमालासोबत आणला. १८९७ साली त्यांनी गृहखात्यात मोठं पद स्वीकारलं. वाचकांना ही सरळ कोलांटउडी वाटली. 'जनतेचा मित्र' पुढच्याच वर्षी बंद पडला.

यानंतर सोहो सत्तेच्या, विशेषतः पंतप्रधान कात्सुरा तारो यांच्या जवळ गेले. त्याची किंमतही मोजावी लागली. १९०५ साली रशियाशी युद्धानंतर झालेल्या तहावर लोक खवळले असताना तहाची बाजू घेणाऱ्या 'कोकुमिन शिंबून'च्या कचेरीवर जमाव चालून गेला. १९१३ साली पुन्हा तेच. जनतेच्या नावाने काढलेल्या पेपरवर जनताच दोनदा दगड घेऊन आली. १९०८चा शोइन या मधल्या काळातला. 'क्रांती' मागे पडली. साम्राज्य, बुशिदो म्हणजे सामुराईंची आचारसंहिता, आणि सम्राटकेंद्री राष्ट्र यांवर नवी प्रकरणं आली. सोहोंना निव्वळ संधिसाधू म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. प्रत्येक वेळी जे पटलं तेच त्यांनी लिहिलं असावं. फक्त त्यांना दर वेळी पटायचं ते वाऱ्याच्या दिशेचं.

कात्सुरा १९१३ साली वारले तसे सोहो राजकारणातून बाजूला झाले. १९१७ साली कात्सुरांचं चरित्र आलं, पुढे यामागातांचं. म्हणजे शोइनचा चरित्रकार त्याच्या शिष्याचाही चरित्रकार झाला. पण खरं अवाढव्य काम १९१८ साली, पंचावन्नाव्या वर्षी, सुरू झालं. लिहायचा होता मेइजी सम्राटाच्या काळाचा इतिहास. तो कळायला शोगुनशाहीचा शेवट हवा, त्यासाठी शोगुनशाही हवी, असं मागे जात जात सुरुवात झाली ती थेट सोळाव्या शतकातल्या ओदा नोबुनागा या सेनानीपासून. दैनिकात रोजची लेखमाला, मधे मूळ पत्रांचे आणि दस्तऐवजांचे लांबलचक उतारे. १९२३च्या भूकंपात पेपरची इमारत गेली, १९२९ साली पेपरच सोडावा लागला, तरी लेखमाला दुसऱ्या दैनिकात चालूच राहिली. शंभरावा खंड १९५२ साली हातावेगळा झाला. तो मेइजी काळाच्या पहिल्या दशकाशीच थांबतो. ज्या सम्राटासाठी एवढा घाट घातला, त्याच्या कारकिर्दीचा बहुतेक भाग लिहायचाच राहिला.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धात सोहो देशभक्त लेखकांच्या सरकारी संघटनेचे अध्यक्ष झाले. पराभवानंतर अमेरिकनांनी त्यांना युद्धगुन्ह्याचे संशयित ठरवलं, पण वयामुळे तुरुंगाऐवजी घरातच स्थानबद्ध ठेवलं. १९४३ साली मिळालेलं संस्कृती पदक त्यांनी परत केलं.

जपानी बौद्धांत माणसाला मरणोत्तर नाव देतात. सोहोंनी आपलं स्वतःच ठरवून ठेवलं होतं. त्यात 'शंभर पराभव' होते, 'बुडबुडा' होता, आणि 'हट्टी सोहो'ही होता. १९५७ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, आतामीला ते वारले तेव्हा ते नाव लागलं.