ऑब्जेक्ट डेटाबेसची क्वेरी लँग्वेज (ओपन सोर्स)

प्रोग्राममध्ये ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावर चालणारा कोड यांचा एकत्र गठ्ठा) जसे असतात तसेच्या तसे डिस्कवर ठेवणारा डेटाबेस म्हणजे ऑब्जेक्ट डेटाबेस, आणि त्याला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे त्याची क्वेरी लँग्वेज. ठेवायचं काम त्यामानाने सोपं, घाम निघतो तो विचारायच्या कामात.

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी डोळ्यासमोर आणा. शेतकऱ्याची हळद आली, लॉट पडला, सौद्यात बोली लागली, खरेदीदार ठरला, शेतकऱ्याची पट्टी (हिशेबाची पावती) झाली. रिलेशनल, म्हणजे तक्त्यांत माहिती ठेवणाऱ्या, डेटाबेसमध्ये याची चार-पाच टेबलं होतात आणि दरवेळी जॉइन मारून ती जोडावी लागतात, इथे मात्र लॉटच्या आतच शेतकऱ्याचा संदर्भ असतो, त्याचं बोट धरून पुढे जायचं. म्हणून क्वेरी अशी दिसते: सिलेक्ट ल फ्रॉम ल इन लॉट्स व्हेअर ल.शेतकरी.गाव = "हरिपूर", म्हणजे ज्यांचा शेतकरी सांगलीजवळच्या हरिपूरचा आहे ते सगळे लॉट द्या. टिंब देत देत पुढे जाणं याला पाथ एक्स्प्रेशन म्हणतात आणि अशा भाषेचा जीव त्यातच असतो.

१९८९ साली ऑब्जेक्ट डेटाबेसच्या अभ्यासकांनी एक जाहीरनामा काढला, त्यात आवश्यक १३ गुण सांगितले होते, आणि ऐनवेळी मनात येईल ती क्वेरी विचारता येणं हा त्यातलाच एक. १९९१ मध्ये ऑब्जेक्ट डेटाबेसचं स्टँडर्ड ठरवायला ओडीएमजी गट झाला, १९९३ मध्ये पहिलं स्टँडर्ड आलं, त्यातली ओक्यूएल (ऑब्जेक्ट क्वेरी लँग्वेज) ही भाषा बरीचशी ओ-टू नावाच्या फ्रेंच डेटाबेसवरून घेतलेली. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि २००१ मध्ये गटच बंद पडला. अख्खं ओक्यूएल राबवणं फार किचकट होतं, प्रत्येकाने आपल्याला झेपेल तेवढंच घेतलं.

ओपन सोर्सवाल्यांनी मग आपापल्या वाटा धरल्या. पायथनच्या झेडओडीबी या ऑब्जेक्ट डेटाबेसने क्वेरी लँग्वेज दिलीच नाही, बी-ट्री (क्रमाने लावलेल्या नोंदींची रचना) आणि कॅटलॉग (शोधायच्या याद्या) वापरून प्रोग्रामरने स्वतः शोधायचं. डीबीफोरओ या दुसऱ्या ऑब्जेक्ट डेटाबेसने नेटिव्ह क्वेरी आणल्या, म्हणजे अट साध्या जावा किंवा सी-शार्पमध्ये लिहायची, डेटाबेस त्या कोडचं विश्लेषण करून इंडेक्स (झटपट शोधायची सूची) लावायला बघणार, आणि नाहीच जमलं तर एकेक ऑब्जेक्ट काढून त्यावर अट चालवणार. प्रोग्रामरला हे सोयीचं, पण पेढीतल्या दिवाणजीने संध्याकाळी काही विचारायचं म्हटलं तर तो काय जावा लिहिणार? माझ्या मते वेगळी, वाचता येणारी भाषा हवीच, ती याच माणसासाठी.

अशा भाषेचं व्याकरण ठरवणं, पार्सर (क्वेरी वाचून तिचे भाग पाडणारा कोड) लिहिणं हे दोन-चार आठवड्यांत होऊन जातं, खरी कटकट इंडेक्सची. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीखालची पेवं (माल साठवायची कोठारं) आहेत, हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. बंद पेवात काय आहे ते वरून दिसत नाही, बाहेर वहीत लिहिलेलं असेल तेवढंच कळतं, आणि इंडेक्स म्हणजे ही वहीच. ती नसेल तर वरच्या क्वेरीला एक लाख लॉट डिस्कवरून उचलायचे, परत प्रत्येकाचा शेतकरी उचलायचा. आता गावावर पाथ इंडेक्स (कुठल्या गावाचे कुठले लॉट याची वही) केला आणि उद्या एखाद्या शेतकऱ्याचं गाव बदललं तर लॉटला कुणी हातही लावलेला नाही, तरी त्याच्या सगळ्या लॉटच्या नोंदी बदलायला लागतात, म्हणजे शेतकऱ्याकडून उलटं लॉटपर्यंत जायची सोय आधीच करून ठेवलेली पाहिजे. हे पहिल्या दिवशी सुचलं नाही तर पुढे फार महागात पडतं.

दुसरा पेच मेथडचा, म्हणजे ऑब्जेक्टच्या आतल्या कोडचा. ल.पट्टीरक्कम() > ५०००० असं लिहिलं की ऑप्टिमायझर (क्वेरीची स्वस्तातली वाट शोधणारा भाग) आंधळा होतो, हमाली-तोलाई वजा करणारा तो कोड त्याला आतून दिसत नाही आणि त्याच मेथडने डेटा बदलला तर बघायलाच नको. हळकुंडाचा लॉट आणि गड्ड्याचा लॉट हे दोन्ही लॉटचेच सबक्लास (पोटप्रकार), तेव्हा लॉट्स विचारल्यावर दोन्ही आले पाहिजेत. एकाच गावात एकाच नावाचे दोन पाटील निघतात, म्हणून "तोच ऑब्जेक्ट" आणि "सारखा ऑब्जेक्ट" यांची तुलना वेगळी ठेवावी लागते. आणि एखाद्या लॉटला शेतकरीच नसेल, व्यापाऱ्याचा माल असेल, तर पाथ मध्येच तुटतो, ओक्यूएलमध्ये त्यासाठी अनडिफाइन्ड असं खास मूल्य होतं. नवीन भाषेत हे नियम आधी कागदावर आणि लगेच टेस्टमध्ये उतरवावेत, कारण ओपन सोर्समध्ये एकदा आवृत्ती बाहेर गेली की लोक त्यावर आपला कोड उभा करतात, मग साधा कीवर्डसुद्धा बदलता येत नाही.

एरर मेसेजकडे नेहमी शेवटी बघितलं जातं. पार्सिंगनंतर क्लासच्या (ऑब्जेक्टच्या प्रकाराच्या) रचनेशी पाथ ताडून बघितला की चूक क्वेरी चालायच्या आधीच सापडते, तेव्हा "सिंटॅक्स एरर" एवढंच न म्हणता "शेतकरी या क्लासमध्ये 'गांव' नाही, 'गाव' म्हणायचंय का?" असं विचारलं, तर दिवाणजी स्वतःच अनुस्वार काढून पुढे जातो.