विद्युत रोध व शक्ती यांचे गणन

विद्युत उपकरणाच्या दोन टोकांमधील दाब (व्होल्ट) आणि त्यातून वाहणारा प्रवाह (अँपिअर) ही दोन मापे हाती असली की त्याचा रोध व ते खात असलेली शक्ती काढता येते. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. त्याचे एकक ओहम. दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती. तिचे एकक वॉट. शालेय पुस्तकांत दाबाला विभवांतर आणि प्रवाहाला विद्युतधारा म्हणतात. वायरमनच्या तोंडी मात्र व्होल्टेज आणि करंटच.

गणित सोपे आहे. घोटाळा होतो तो या भागाकारालाच ओहमचा नियम समजल्याने. भागाकार कोणत्याही वस्तूसाठी करता येतो. नियम त्यापुढचे सांगतो: तापमान स्थिर असेल, तर धातूच्या तारेसाठी दाब कितीही बदलला तरी उत्तर तेच येते. गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांनी जर्मनीतील कोलोन येथे शिक्षक असताना हे प्रयोगाने दाखवले. तेव्हाच्या रासायनिक घटांचा दाब टिकत नसे. म्हणून त्यांनी तांबे व बिस्मथ यांची जोडणी करून एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला आणि स्थिर दाब मिळवला. त्यांचा ग्रंथ १८२७ मध्ये निघाला. रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळायला १८४१ उजाडले.

तापमानाची अट किती महत्त्वाची, हे ६० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बवर दिसते. २३० व्होल्टवर तो सुमारे ०.२६ अँपिअर घेतो, म्हणजे रोध ८८० ओहमच्या आसपास. तोच बल्ब थंड असताना मल्टिमीटरवर शंभर ओहमही दाखवत नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते, एवढाच फरक. असे बल्ब बहुधा बटण दाबताक्षणीच का उडत, तेही यावरून कळते: थंड तारेचा रोध कमी, म्हणून पहिल्या क्षणी प्रवाह फार मोठा.

गीझरच्या कॉइलचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे तिथे हिशेब सरळ बसतो. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो (६ अँपिअरचे सॉकेट त्याला चालत नाही ते यामुळेच), रोध २६.४५ ओहम. दाब १८० व्होल्टवर उतरला की प्रवाह ६.८ अँपिअर आणि शक्ती जेमतेम १२२५ वॉट. शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते. विहिरीवरच्या पंपाची मोटर नेमकी उलट वागते: दाब पडला की तेवढाच भार ओढायला ती जास्त प्रवाह खेचते आणि वाइंडिंग जळते. मोटरसाठी नुसत्या भागाकाराने तारेचा रोध मिळत नाही. प्रत्यावर्ती प्रवाहावर (एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा) शक्ती काढतानाही गुणाकाराला शक्तिगुणकाने (पॉवर फॅक्टर, म्हणजे गुणाकारातला किती भाग खरोखर खर्च होतो ते सांगणारा आकडा) आणखी गुणावे लागते.

प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले की तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती मिळते. हा संबंध जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. लांबवर वीज न्यायची तर प्रवाह कमी ठेवावा लागतो, तो यामुळे. चंद्रपूर–पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची वाहिनी एकदिश (डीसी) दाबावर चालते, तेव्हा तिथे शक्तिगुणकाची भानगड नाही. तिच्या दोन ध्रुवांमधील दाब १० लाख व्होल्ट आणि क्षमता १५०० मेगावॉट. भागाकार केला की प्रवाह १५०० अँपिअर. एवढीच शक्ती घरातल्या २३० व्होल्टवर न्यायची म्हटली, तर तारेतून ६५ लाख अँपिअर वाहावे लागतील.