झूमची पट्टी नेमकी कुठे अडते?

मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल अर्गोनॉमिक कीबोर्ड ४००० च्या मधोमध झूमसाठी वरखाली सरकणारी पट्टी आहे. लिनक्सवर, डेस्कटॉप एक्सवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी आणि बटणं प्रोग्रॅमपर्यंत पोचवणारी प्रणाली) चालत असेल तर, आवाजाची बटणं लावल्या लावल्या चालतात. ही पट्टी मात्र बहुतेक ठिकाणी ढिम्म. ती बिघडलेली नसते. कीबोर्ड स्कॅनकोड (बटणाचा कच्चा क्रमांक) पाठवतो, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा त्याचा कीकोड (लिनक्सचा स्वतःचा क्रमांक) करतो, मग एक्स त्या कीकोडला नाव देतो. पट्टीचा निरोप या शेवटच्या टप्प्यात गळतो.

टर्मिनलमध्ये सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, 'ईव्हीटेस्ट' हा बटणांचे कोड दाखवणारा प्रोग्रॅम चालवा. यादीत एकच कीबोर्ड दोनदा दिसेल, कारण मल्टिमीडिया बटणं वेगळ्या इंटरफेसवर असतात. चुकीचा निवडला की काहीच उमटत नाही आणि लोक कीबोर्डला दोष देऊन मोकळे होतात. योग्य निवडून पट्टी वर ढकलली, की स्कॅनकोड 'सी०२२डी', कीकोड ४१८. खाली ओढली, की 'सी०२२ई' आणि ४१९. आवाज वाढवण्याच्या बटणाचा कीकोड आहे ११५. एक्स कर्नलच्या आकड्यात ८ मिळवतो आणि त्याच्याकडे जागा २५५ पर्यंतच, म्हणजे २४७ च्या पुढचं त्याला दिसतच नाही. मग एक्समधली बटणं बदलणाऱ्या एक्समोडमॅपशी कितीही झटापट केली तरी फुकट.

म्हणून कर्नलच्या पातळीवर कीकोडच बदलायचा, म्हणजे पट्टी झूमऐवजी पान वरखाली करेल. ईटीसी, यूडेव्ह, एचडब्ल्यूडीबी-डॉट-डी या फोल्डरात डॉट-एचडब्ल्यूडीबी शेवटाची फाइल करा. नाव ९० ने सुरू करा, म्हणजे सिस्टीमच्या ६० क्रमांकाच्या कीबोर्ड-फाइलनंतर ती वाचली जाईल. पहिल्या ओळीत 'ईव्हीडेव्ह:इनपुट:', त्याला लागूनच, मध्ये काही न सोडता, बी०००३, व्ही०४५ई, पी००डीबी (यूएसबी, कंपनी, मॉडेल) आणि शेवटी तारा (*). इथे बी, व्ही, पी ही खुणेची अक्षरं लहान लिपीत, आकड्यांतली कॅपिटल. खालच्या ओळीत 'कीबोर्ड_की_' कॅपिटलमध्ये, पुढे स्कॅनकोड लहान लिपीत, बरोबरचं चिन्ह आणि 'पेजअप'. तसंच दुसऱ्या कोडाला 'पेजडाउन'. या दोन्ही ओळींच्या सुरुवातीला एक स्पेस हवीच. ती राहिली तर ओळ गुणधर्म म्हणून वाचलीच जात नाही. अर्थानं 'स्क्रोलअप' जास्त शोभलं असतं, आकडाही १७७, म्हणजे मर्यादेच्या आत. पण बरेच प्रोग्रॅम त्याची दखल घेत नाहीत.

आता सुडोसह 'सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट', मग 'यूडेव्हएडीएम ट्रिगर'. ईव्हीटेस्टमध्ये पट्टी १०४ आणि १०९ दाखवू लागते. अजून ४१८ च दिसत असेल, तर आधी ती स्पेस तपासा.