दूरीकरण म्हणजे निर्मूलन नव्हे

"कुष्ठरोगाचं निर्मूलन २००५ मध्येच झालं ना? मग अजून घरोघरी अंगावरचे चट्टे बघत का फिरताय?" शोधमोहिमेत दारातच हा प्रश्न आला की आशाताई गोंधळते. दोष तिचा नाही, विचारणाऱ्याचाही नाही. बातम्यांत, भाषणांत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आणि आरोग्य खात्याच्या फलकांवरसुद्धा दोन वेगळ्या गोष्टींना आपण सर्रास एकच शब्द लावत आलो आहोत. २००५ मध्ये झालं ते दूरीकरण. कुष्ठरोगाचं निर्मूलन आजवर जगात कुठेही झालेलं नाही.

निर्मूलन सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. देवीचा रोग आठवा. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा, जगातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेची घोषणा. त्यानंतर लस बंद झाली. आजी-आजोबांच्या हातावर देवीच्या लसीचे वण दिसतात, नातवंडांच्या हातावर दिसत नाहीत. निर्मूलनाची याहून स्पष्ट खूण नाही. साऱ्या जगात नव्या रुग्णांची संख्या कायमची शून्य आणि म्हणून प्रतिबंधाचं काम थांबवण्याची मुभा, असे त्याचे दोन भाग आहेत. माणसांच्या रोगांपैकी हा मान आजवर एकट्या देवीला मिळाला आहे. (विषाणू दोन प्रयोगशाळांत अजून जपून ठेवलेला आहे, पण तो वेगळा विषय.)

नियंत्रण हा तिसरा शब्द. रुग्ण आणि मृत्यू परवडतील इतक्या पातळीवर आणायचे आणि तिथे राखायचे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात कुणी फसत नाही, पुढे जाऊ.

फसतात ते दूरीकरणात. या एका शब्दाखाली पुन्हा दोन निराळे निकष आहेत आणि ते वेगळे करून कुणी सांगत नाही.

पहिला निकष शून्याचा, पण ठरावीक भूभागापुरता. गोवराचं दूरीकरण झालं असं म्हणायचं तर त्या देशात स्थानिक साखळीने होणारा प्रसार किमान १२ महिने थांबलेला हवा आणि तो थांबल्याचं पकडू शकणारं सर्वेक्षण चालू हवं. हिवतापाचं प्रमाणपत्र हवं असेल तर सलग तीन वर्षं एकही स्थानिक रुग्ण नको. बाहेरून आलेला रुग्ण यात चालतो, त्याच्यापासून साखळी पुढे गेलेली चालत नाही. हा दर्जा जातोसुद्धा. ब्रिटनने गोवर दूरीकरणाचा दर्जा मिळवला आणि २०१९ मध्ये गमावला. निर्मूलन असं गमावता येत नाही, कारण ते खरंच झालं असेल तर रोग परत यायला जगात जागाच उरत नाही.

आपला पोलिओ याच खान्यात बसतो. भारतातला वाइल्ड (म्हणजे लसीतून न आलेल्या, निसर्गातल्या) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मात्र हा विषाणू फिरत राहिला. म्हणजे भारतातून पोलिओचं दूरीकरण झालं, जगातून निर्मूलन व्हायचं आहे. म्हणूनच पल्स पोलिओचे रविवार संपले नाहीत, आणि १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की आजही १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात. असा लुळेपणा पोलिओखेरीज इतर कारणांनीही येतो, त्यामुळे १५ वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला किमान एक तरी असं मूल सापडायलाच हवं. एखाद्या जिल्ह्याचा अहवाल कोरा आला तर मला आनंद होत नाही. तिथे कुणी शोधत नाहीये, एवढंच त्यावरून कळतं.

पोलिओचा दुसऱ्या प्रकारचा वाइल्ड विषाणू मात्र खरोखर निर्मूल झाला आहे. तो शेवटचा १९९९ मध्ये भारतातच सापडला होता आणि २०१५ मध्ये त्याचं निर्मूलन जाहीर झालं. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटे देण्याच्या लसीतून त्या प्रकाराचा घटक काढून टाकता आला. पहिल्या प्रकाराबाबत आपल्याला हे करता येत नाही. एकाच रोगाच्या एकाच थेंबात दोन शब्दांमधला फरक इतका स्वच्छ दिसतो, आणि तरी प्रशिक्षणात हे उदाहरण क्वचितच दिलं जातं.

आता दुसरा निकष. खरा घोळ इथे आहे.

'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूरीकरण' असा पूर्ण शब्दप्रयोग आहे, आणि बातमीत येताना त्याचे पहिले चार शब्द गळून पडतात. त्यात शून्य कुठेच नाही. एक रेषा आखलेली असते आणि आकडा तिच्याखाली आला की झालं. कुष्ठरोगासाठी १९९१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आखलेली रेषा म्हणजे १०,००० लोकसंख्येमागे १ पेक्षा कमी रुग्ण. काळ्या आजारासाठीही (वाळूमाशीच्या चाव्यातून होणारा रोग) १०,००० मागे १ पेक्षा कमी, पण तिथे मोजणी तालुक्याच्या पातळीवर आणि वर्षभरातल्या रुग्णांची. नवजात धनुर्वातासाठी प्रत्येक जिल्ह्यात १,००० जिवंत जन्मांमागे १ पेक्षा कमी. प्रत्येक रोगाला वेगळा अंश, वेगळा छेद, वेगळा भूभाग. 'दूरीकरण झालं' हे वाक्य या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय अर्धवटच राहतं.

कुष्ठरोगाच्या रेषेत काय मोजलं जातं ते नीट पाहा. डिसेंबर २००५ मध्ये देशाचं प्रमाण १०,००० मागे ०.९५ झालं. हा आकडा नव्या रुग्णांचा नाही, त्या वेळी उपचाराच्या नोंदवहीत असलेल्या रुग्णांचा आहे. आणि नोंदवहीत किती जण असतील हे दोन गोष्टींवर ठरतं: वर्षाला नवे किती येतात आणि प्रत्येक जण वहीत किती काळ राहतो. समजा, एखाद्या भागात दरवर्षी १०० नवे रुग्ण सापडतात. प्रत्येकाचा उपचार दोन वर्षं चालत असेल तर वहीत कधीही साधारण २०० नावं दिसतील. उपचार एका वर्षावर आणा, १०० दिसतील. सहा महिन्यांवर आणा, ५० दिसतील. सापडणारे रुग्ण मात्र तिन्ही वेळा तेवढेच, शंभर.

हे नुसतं गणित नाही, असंच घडलं. बहुजिवाणू (शरीरात जंतू जास्त असलेल्या) रुग्णांसाठी बहुऔषधोपचार, म्हणजे एकत्र दिलेली अनेक औषधं, आधी २४ महिन्यांचा होता, १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो १२ महिन्यांवर आला. अल्पजिवाणू (जंतू कमी असलेल्या) रुग्णांसाठी तो ६ महिन्यांचा आहे. बहुऔषधोपचाराने लाखो माणसं बरी झाली, हे यश खरं आहे आणि ते मी तसूभरही कमी लेखत नाही. पण प्रमाण ज्या वेगाने घसरलं त्या वेगाने लागण घसरली असं समजणं चूक आहे. घोषणेनंतर कित्येक वर्षं देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत राहिले, आणि जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातलेच होते.

शिवाय ०.९५ ही सरासरी आहे. काही जिल्हे तिच्या खूप खाली होते, काही बरेच वर. आणि लागण झाल्यापासून पहिला बधिर चट्टा उठेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. घोषणेच्या दिवशी ज्यांना लागण झालेली होती पण लक्षणं दिसत नव्हती, ती माणसं कुठल्याच आकड्यात नव्हती. घोषणेनंतर घरोघरी शोधण्याचा जोर ओसरला, आणि पुढे २०१६ पासून मोठ्या शोधमोहिमा नव्याने सुरू कराव्या लागल्या.

म्हणून जिल्ह्याचं कुष्ठरोगाचं चित्र समजून घ्यायचं असेल तर ०.९५ च्या जातीचे आकडे मी शेवटी पाहते. आधी दोन गोष्टी विचारते. नव्या रुग्णांत मुलं किती? मूल सापडलं म्हणजे लागण अलीकडची आहे, साखळी चालू आहे. आणि निदानाच्या वेळीच डोळ्यांनी दिसणारी विकृती किती जणांना होती? ती असेल तर आपण वर्षानुवर्षं उशिरा पोहोचतो आहोत. हे दोन आकडे उपचाराची मुदत बदलून खाली आणता येत नाहीत.

नावांनी गोंधळ आणखी वाढवला. १९५५ मध्ये सुरू झालेल्या कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाचं १९८३ मध्ये नाव बदललं, आणि इंग्रजी नावात थेट निर्मूलनाचाच शब्द आला. उद्दिष्ट दूरीकरणाचं, पाटी निर्मूलनाची. हिवतापाचं तर याहून वाईट झालं. १९५३ च्या नियंत्रण कार्यक्रमाला इतकं यश आलं की १९५८ मध्ये त्याचा 'निर्मूलन कार्यक्रम' केला गेला. १९६५ मध्ये देशातले रुग्ण लाखाच्या घरात आले होते. मग डासांनी कीटकनाशकांना दाद देणं सोडलं, पुरवठा अपुरा पडला, सर्वेक्षण ढिलं झालं, आणि १९७६ मध्ये रुग्णांची नोंद ६४ लाखांवर गेली. निर्मूलन दाराशी आलंय असं मानून सुस्तावल्याची ही किंमत होती. मराठीत 'दूरीकरण' हा शब्द आपल्याकडे आहे, क्षयरोग आणि हत्तीरोगाच्या कार्यक्रमांत तो वापरलाही जातो. तो अवजड वाटतो म्हणून बातमीत 'निर्मूलन' लिहिण्याची सवय मला अजिबात मान्य नाही.

'मुक्त' हा शब्द तर मी शक्य तिथे टाळते. 'टीबीमुक्त पंचायत' म्हटलं की गावाला वाटतं, आपल्याकडे आता क्षयरोग नाही. निकष वाचा: लोकसंख्येत हजारी १ किंवा त्याहून कमी रुग्ण चालतो, पण वर्षाला हजारी किमान ३० संशयितांची तपासणी झालेली हवी. पाटी 'मुक्त' असली तरी ती मिळवण्याची अटच शोधत राहण्याची आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या माणसाने त्या पाटीकडे पाहून थुंकीची तपासणी टाळली तर पाटीने नुकसान केलं.

दोन शब्दांपैकी कुठला लावायचा याची शंका आली तर एकच प्रश्न विचारा: उद्यापासून लस, औषध, शोध सगळं थांबवलं तर काय होईल? नवजात धनुर्वातावर हा प्रश्न लावून पाहा. भारतात माता व नवजात धनुर्वाताचं दूरीकरण २०१५ मध्ये झालं. पण धनुर्वाताचे बीजाणू मातीत आहेत, जनावरांच्या शेणात आहेत, आणि हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे शेजारणींनी लस घेतली म्हणून लस न घेतलेल्या आईच्या बाळाला संरक्षण मिळत नाही. प्रत्येक गरोदरपणात टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस आणि प्रत्येक बाळंतपणात स्वच्छ हात, निर्जंतुक पातं, नाळेला काहीही न लावणं; यातलं काही सुटलं की रोग हजर. निर्मूलन इथे तत्त्वतःही शक्य नाही. दूरीकरण आहे, आणि ते रोज नव्याने करावं लागतं.

दारातल्या त्या प्रश्नाला मी आशाताईंना असं उत्तर द्यायला सांगते: "रोग कमी झालाय, संपलेला नाही. औषध मोफत आहे आणि लवकर सापडला तर हातापायाला काही होत नाही. पाठीवरचा चट्टा स्वतःला दिसत नाही, म्हणून बघायला आलेय." बहुतेक दारं एवढ्यावर उघडतात.