गोफणीचे दगड आणि गोल्फचा नेम

जळगावकडे ज्वारी हुरड्यावर आली की मचाणावरून पाखरे हाकणारा माणूस सारख्याच जोराने गोफण फिरवतो, तरी त्याचे दहा दगड एका जागी पडत नाहीत. त्यांचा लांबट पट्टा होतो. कसलेल्या गोल्फपटूचे फटकेही असेच विखुरतात, आणि अवघड मैदानावरचा डाव आखणे म्हणजे मुख्यतः हा पट्टा कुठे ठेवायचा ते ठरवणे होय.

अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल मैदानाचा 12 वा होल (पहिला फटका मारण्याच्या जागेपासून भोकापर्यंतचा टप्पा) केवळ 155 यार्ड, म्हणजे सुमारे 142 मीटर लांब आहे. पण त्याचे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, अरुंद आहे आणि पुढ्यात रेज क्रीक हा ओढा वाहतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या क्लबचे (चेंडू मारायच्या काठीचे) तोंड आघाताच्या क्षणी किंचित उघडे, म्हणजे उजवीकडे वळलेले, राहिले, तर चेंडू उजवीकडे जातो आणि जास्त उंच चढल्याने आखूडही पडतो. तोंड मिटलेले असले, तर तो डावीकडे आणि लांब जातो. म्हणजे पट्टा तिरपा होतो. हे ग्रीन मात्र बरोबर उलट दिशेने तिरपे असून त्याची उजवी बाजू खेळाडूपासून अधिक दूर आहे, त्यामुळे भोकाची जागा दाखवणारा झेंडा उजवीकडे असताना थेट त्याच्यावर नेम धरला की पट्ट्याचे अलीकडचे टोक ओढ्यात बुडते.

आता हिशेब करू. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी फटक्याची किंमत पुढे सरासरी किती फटके उरतात यावरून मोजण्याची पद्धत रुजवली, आणि 2011 पासून अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने ती पटिंगसाठी (ग्रीनवरून चेंडू भोकाकडे ढकलण्याच्या फटक्यांसाठी) स्वीकारली. व्यावसायिक खेळाडूसुद्धा 8 फुटांवरून निम्म्याच वेळा चेंडू भोकात घालतो. त्यामुळे भोकापासूनचे अंतर 9 मीटरऐवजी साडेचार मीटर झाले, तरी सरासरी पाचव्या हिश्शाएवढाच फटका वाचतो. उलट चेंडू पाण्यात गेला की दंड आणि पुन्हा मारणे मिळून साधारण दोन फटके जातात. समजा, दहापैकी दोन चेंडू बुडाले, तर चार फटके गेले आणि उरलेल्या आठांनी वाचवले जेमतेम दीड! झेंड्याचा मोह इतका महाग पडतो.

हवाही हा पट्टा सरकवते. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या 45 अंशांच्या उन्हात हवेची घनता 15 अंशांच्या मानाने सुमारे 9 टक्क्यांनी घटते, म्हणून तोच फटका काही मीटर पुढे जातो. ऑगस्टाच्या या होलवर मात्र खेळाडूंना जास्त छळतो तो झाडांमधून दिशा बदलत फिरणारा वारा.

14 एप्रिल 2019 रोजी, ऑगस्टालाच होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी, याच ठिकाणी आघाडीवर असलेल्या मोलिनारीसह कोएप्का, फिनाऊ आणि पोल्टर या खेळाडूंचे चेंडू पाण्यात गेले. टायगर वुड्स याने उजवीकडचा झेंडा सोडून ग्रीनच्या डाव्या भागावर चेंडू टाकला, पटिंगचे दोन फटके घेतले आणि तीन फटक्यांत होल संपवला. ती स्पर्धा त्याने एका फटक्याने जिंकली.